सरकत्या पायावरची खोली: हिंगण्याच्या शेडपासून लाहौलपर्यंतच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२३

नागपूरच्या वायुसेनानगरात नोकरीला असताना सहा वर्षे आमचे शेजारी राहिलेले आणि निवृत्तीनंतर हिमाचल प्रदेशातील लाहौलमध्ये आपल्या गावी शेती पाहणारे एक स्नेही आहेत. त्यांच्यासाठी एक खोली तयार करण्याचे काम आज हिंगणा एमआयडीसीतील आमच्या शेडमध्ये हाती घेतले. त्यांचे गाव चंद्रा नदीच्या काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० मीटर उंचीवर आहे. रोहतांग खिंड बर्फाने बंद झाली की पूर्वी हे खोरे हिवाळाभर बाहेरच्या जगापासून तुटत असे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा सुरू झाला आणि त्यामुळेच नागपुरात बनवलेली वस्तू तिथवर भरवशाने पोचवण्याचा विचार करता आला.

खोली हलती हवी, ही मागणी त्यांची आहे आणि तिला सबळ कारण आहे. मटार आणि बटाट्याच्या हंगामात ती वरच्या शेतावर लागते, आणि तिथे वीज नाही. बर्फ पडण्यापूर्वी ती घराशेजारी उतरवावी लागते, कारण वरच्या शेताच्या कडेने हिमस्खलनाची वाट जाते आणि ती वाट गावातल्या जुन्या माणसांना पक्की ठाऊक आहे. हिवाळ्यात घराशेजारीही बर्फवृष्टीनंतर वीज दिवसच्या दिवस नसते, म्हणून दोन्ही ठिकाणी खोलीने स्वतःच्या बळावर राहायचे आहे. दोन जागांमध्ये सुमारे ४०० मीटरांचा ट्रॅक्टरचा रस्ता आहे. शिवाय तिकडे सपाट शेतजमीन इतकी थोडी आहे की तिच्यावर काँक्रीट ओतणे मालकांना पटत नाही, आणि मलाही पटत नाही.

आकार ६ मीटर बाय २.४ मीटर ठरला. रुंदी ३ मीटर ठेवली असती तर आत वावरायला बरे झाले असते. पण मालवाहू ट्रकला २.६ मीटरपर्यंतच रुंदीची मुभा असते आणि डोंगरातल्या वळणांवर त्याहून रुंद माल नेणे धोक्याचे आहे, म्हणून तो मोह सोडला.

२ डिसेंबर २०२३

पायाचा विचार पूर्ण झाल्याशिवाय लोखंड आणायचे नाही, असे ठरवले होते. बर्फाळ मुलखात जमीन फुगते. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते हे सर्वांना माहीत असते, परंतु जमीन उचलली जाण्याचे मुख्य कारण तेवढेच नाही. गाळवट मातीत गोठणरेषेकडे, म्हणजे गोठलेली माती जिथे संपते त्या कडेकडे, खालचे पाणी केशाकर्षणाने वर ओढले जाते आणि तिथे बर्फाचे थरावर थर साठत जातात. थंडी टिकून राहिली आणि खाली पाणी मिळत राहिले तर हे थर वाढतच राहतात आणि त्यांच्यावर जे काही उभे असेल ते वर ढकलले जाते. गोठण्याची थंडी, बारीक माती आणि पाणी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच हे घडते. थंडी आपल्या हातात नाही, माती थोडीफार बदलता येते, पाणी मात्र बऱ्याच अंशी वळवता येते.

नागपूरच्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही, कारण आमची काळी माती हेच दुसऱ्या कारणाने करते. तिच्यातले चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात, उन्हाळ्यात आकसतात, आणि मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पक्क्या घरासाठी यावर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने रुजवलेले, तळाशी फुगवटा असलेले अंडर-रीम्ड पाइल वापरतात. म्हणजे हलणाऱ्या थराच्या खाली जाऊन घर धरून ठेवतात. हलत्या खोलीसाठी उलटा मार्ग बरा वाटतो. जमिनीला हलू द्यावे, खोली तिच्यावर नुसती टेकलेली असावी, आणि कोपरा वर गेला तर तो पाना फिरवून खाली आणता यावा.

त्याप्रमाणे ६.६ मीटर लांबीच्या दोन आयएसएमबी २०० (२०० मिलिमीटर उंचीच्या, इंग्रजी आय आकाराच्या) गर्डरांचे स्किड, म्हणजे जमिनीवरून घसरणारे पाय, घेतले आहेत, ज्यांची पुढची टोके होडीच्या नाळेसारखी वर वळलेली असतील. प्रत्येक स्किडला तीन, असे एकूण सहा स्क्रू जॅक बसवायचे. जॅकचा दांडा ३६ मिलिमीटर जाडीचा आणि त्याचे आटे ४ मिलिमीटर अंतराचे, म्हणजे एक फेरा दिला की कोपरा बरोबर ४ मिलिमीटर हलतो. जॅकखाली साल लाकडाच्या स्लीपरांची दोन फूट चौरस बैठक असेल. ओढायच्या वेळी जॅक वर घेतले की स्किड जमिनीला टेकतात.

वजनाचा हिशेब असा आहे. खोली स्वतः सव्वादोन ते अडीच टन भरेल. दबलेल्या बर्फाची घनता घनमीटरला ३०० किलो धरली आणि छपरावर दीड मीटर थर मानला तर चौरस मीटरला ४५० किलो होतात, आणि वळचणीसह २० चौरस मीटर छपरावर ९ टन. खोलीच्या वजनाच्या जवळजवळ चौपट बर्फ तिच्या डोक्यावर बसू शकतो, हे विदर्भात छपराच्या उडून जाण्याचीच काळजी वाहणाऱ्या आम्हा लोकांना मुद्दाम लक्षात ठेवावे लागते. छप्पर ४५ अंशांचे ठेवल्याने आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या, बर्फाच्या भाराविषयीच्या चौथ्या भागाप्रमाणे भार पुष्कळ कमी धरता आला असता, पण घराशेजारी वाऱ्याच्या आडोशाला बर्फ वळचणीपर्यंत साठू शकतो, म्हणून ती सूट घेतली नाही. सहा बैठकांवर प्रत्येकी सुमारे १.९ टन येतात, म्हणजे जमिनीवर चौरस मीटरला सव्वापाच टनांच्या आसपास दाब. गोट्यांच्या भरावावर एवढा दाब चालतो.

इतवारीतल्या लोहा ओळीत लोखंड घेताना आमचे वेल्डर काका म्हणाले, "भाऊ, तिकडच्या थंडीत लोखंडबी तडकते का जी?" प्रश्न अगदी योग्य होता. साधे पोलाद थंडीत ठिसूळ होते आणि धक्का बसला तर तडकू शकते. आयएस २०६२ या पोलादाच्या भारतीय मानकात त्यासाठीच वेगवेगळे दर्जे आहेत; बी-शून्य दर्जाची आघात चाचणी ० अंशाला होते आणि सी दर्जाची उणे २० अंशांना. गर्डर बी-शून्य दर्जाचे, चाचणी प्रमाणपत्र पाहून घेतले. ओढण्याचा धक्का फक्त मे आणि ऑक्टोबरमध्ये बसणार आहे आणि ऐन हिवाळ्यात खोलीवर केवळ स्थिर भार असेल, म्हणून ही निवड पुरेशी समजतो. ओढण्याच्या कड्यांसाठी मात्र सी दर्जाचीच पाटी मिळवली.

२३ डिसेंबर २०२३

सांगाडा उभा राहिला. भिंती, जमीन आणि सपाट माळा यांना १०० मिलिमीटर जाडीचे पफ (पॉलियुरेथेन फोम) पॅनल आहेत. माळ्यावरचा त्रिकोण थंड आणि हवेशीर ठेवला आहे, जेणेकरून आतल्या उष्णतेने छपरावरचे बर्फ खालून वितळून वळचणीला पुन्हा गोठणार नाही.

१४ जानेवारी २०२४

आज पहाटे पहिली उष्णता चाचणी झाली. नागपुरात उणे १५ अंश मिळणे शक्य नाही, परंतु उष्णता किती वेगाने निसटते ते पाहायला बर्फ लागत नाही, आत-बाहेरच्या तापमानातला फरक पुरतो. रात्री ९ वाजता खोलीत १,००० वॉटचा हीटर लावला, छोटा पंखा फिरता ठेवला आणि दार लावून घेतले. पहाटे ५ वाजता बाहेर १२ अंश आणि आत ३७ अंश होते, आणि गेला दीड तास आतला आकडा हलला नव्हता. म्हणजे २५ अंशांच्या फरकाला १,००० वॉट, एका अंशाला ४० वॉट. कागदावरचा हिशेब ३० ते ३१ वॉटचा होता. एवढा फरक मोजमापाच्या चुकीने पडत नाही.

आत जाऊन इन्फ्रारेड थर्मामीटर सर्व कडांवर फिरवला. भिंतीच्या मध्यावर ३६, माळ्याला ३७, खिडकीच्या काचेवर अपेक्षेप्रमाणे कमी; आणि जमीन व भिंत जिथे मिळतात त्या संपूर्ण रेषेवर २७ ते २९. त्या कोपऱ्यावर उघडा तळहात ठेवला की गार पट्टी सरळ हाताला लागत होती. कारण शोधायला फार वेळ लागला नाही आणि चूक पूर्णपणे माझी आहे. भिंतीचा तळचा चॅनेल (पन्हळीच्या आकाराची लोखंडी पट्टी) मी खालच्या आडव्या चॅनेलवर थेट वेल्ड करायला सांगितला होता, त्यामुळे बाहेरच्या स्किडपासून आतल्या कडेपर्यंत अखंड लोखंडाची वाट तयार झाली. लोखंड पफच्या दोन हजार पटींहून अधिक उष्णता वाहून नेते. दहा सेंटिमीटर जाडीचे पॅनल लावून शेजारी असा पूल ठेवणे म्हणजे हौदाला बूड पक्के करून तोटी उघडी ठेवण्यासारखे आहे. लाहौलमध्ये याच रेषेवर श्वासाची वाफ जमून गोठली असती आणि एका हिवाळ्यात प्लायवूड कुजले असते. संक्रांतीच्या आधी हे कळले, याचे समाधान वाटते.

२८ जानेवारी २०२४

दोन आठवडे दुरुस्तीत गेले. सगळे तळचे वेल्ड ग्राइंडरने कापले, भिंतींच्या खाली लकडगंजातून आणलेली २५ मिलिमीटर जाडीची सालाची पट्टी घातली आणि चॅनेल थोड्या बोल्टांनी, प्रत्येक बोल्टखाली नायलॉनचे वॉशर देऊन, बसवला. सांध्यांना आतून ब्युटाइल टेप लावला, कारण बाष्पाला अडवायचे ते उबदार बाजूनेच अडवावे लागते. काका सुरुवातीला नाराज होते. वेल्डपेक्षा बोल्ट कच्चा, असे त्यांचे चाळीस वर्षांचे मत आहे, आणि पोर्टा केबिनसाठी ते खरेही आहे.

आज पहाटे पुन्हा तीच चाचणी घेतली. बाहेर १३ अंश, आत ४४ अंश. फरक ३१, म्हणजे अंशाला साधारण ३२ वॉट. बाहेर उणे १५ आणि आत १८ धरले तर ३३ अंशांच्या फरकाला सुमारे १,०६० वॉट लागतात, दिवसाला २५ युनिटांच्या आसपास. वाळलेल्या लाकडात किलोमागे ४ युनिट उष्णता असते आणि शेगडीत त्यातली निम्मी हाती येते असे मानले, तर कडाक्याच्या दिवसाला १२ ते १३ किलो लाकूड. पहिल्या चाचणीचा आकडा तसाच राहिला असता तर १६ किलो लागले असते. हिवाळ्याचे सरपण उन्हाळ्यातच रचून ठेवणाऱ्या माणसासाठी रोजचे तीन किलो ही मोठी गोष्ट आहे.

११ फेब्रुवारी २०२४

ओढण्याची चाचणी झाली. शेडमागच्या मुरमाच्या पट्ट्यावर ट्रॅक्टर आणि खोली यांच्यामध्ये क्रेनचा काटा अडकवला. खोलीचे वजन २.४ टन, सरकताना काट्यावर १.३ टन. सुटण्याच्या क्षणी मात्र काटा १.७ टनांपर्यंत गेला. तिकडे स्किड जमिनीला गोठून चिकटले तर हा आकडा कितीतरी वाढेल, म्हणून आधी जॅकने खोली उचलून स्किड मोकळे करायचे आणि मगच ओढायचे, असा नियम मालकांना लिहून दिला आहे.

दुसऱ्या फेरीत नुकसान झाले. वर वळवलेली टोके फक्त १५० मिलिमीटर होती. डावे टोक मुरमात नांगरासारखे रुतले, सांगाडा पिळला आणि दक्षिणेकडच्या दुहेरी काचेच्या खिडकीची आतली काच कोपऱ्यातून तडकली. टोके ४०० मिलिमीटर लांब करून खाली ८ मिलिमीटरची पाटी जोडली, तळाला तिरपे ताण दिले, आणि खिडकीची चौकट चहूबाजूंनी रबराच्या पॅकिंगवर बसवली. साखळी आता दोन्ही स्किडना पकडून इंग्रजी व्हीच्या आकारात पुढे येते, त्यामुळे ओढ एका बाजूला जात नाही.

३ मार्च २०२४

एका परिचितांच्या आइस्क्रीमच्या शीतगृहात उणे १८ अंशांना दोन दिवस आमचे सामान ठेवू दिले, त्याबद्दल त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे आहेत. बाहेर उन्हाची चाहूल लागलेली आणि आम्ही स्वेटर घालून आत. साधे ग्रीस मेणासारखे घट्ट झाले आणि जॅकचा दांडा हाताने फिरेना. कमी तापमानाचे सिंथेटिक ग्रीस लावल्यावर तो फिरला. दाराच्या फोमच्या पट्ट्या पुठ्ठ्यासारख्या कडक झाल्या, ईपीडीएम रबराची पट्टी मऊ राहिली. स्वस्त वायरचे आवरण वाकवताच चिरले.

बॅटरीची परीक्षा सर्वांत महत्त्वाची होती. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्याखाली वीज देऊ शकते, परंतु शून्याखाली चार्ज केली तर आत धातूरूप लिथियम जमते आणि ती कायमची बिघडते. पहिल्या बॅटरीच्या संरक्षक सर्किटने उणे ६ अंशांनाही चार्जिंग चालू ठेवले. माहितीपत्रकात मात्र कमी तापमानाचे संरक्षण असल्याचे स्पष्ट छापले होते. ती परत केली. दुसरीने ० अंशाजवळ चार्जिंग बंद केले, आणि ती खोलीच्या आत बाकाखाली, पफच्या पेटीत बसवली.

सौर पॅनलच्या बाबतीतही थंडीचा हिशेब उलटा आहे. पॅनल थंड झाले की व्होल्टेज वाढते. ५४० वॉटची दोन पॅनल एकापाठोपाठ जोडून मोकळ्या (भार न जोडलेल्या) स्थितीतले व्होल्टेज ९९ भरते आणि पॅनलची वीज बॅटरीला जुळवून देणारा, आणलेला कंट्रोलर १०० व्होल्टपर्यंतचाच होता. नागपुरात तो बहुतेक दिवस चालून गेला असता. उणे २० अंशांना, दर अंशाला ०.२८ टक्के या हिशेबाने, तेच व्होल्टेज १११ होते आणि हिवाळ्यातल्या पहिल्याच स्वच्छ सकाळी कंट्रोलर जळाला असता. आता १५० व्होल्टचा घेतला आहे. २१ डिसेंबरला नागपुरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असतो, लाहौलमध्ये केवळ ३४ अंशांवर, शिवाय डोंगराची सावली. म्हणून पॅनल ६५ अंशांत उभी केली आहेत. बर्फ त्यांवर टिकत नाही आणि समोरच्या बर्फावरून परतणारा प्रकाशही मिळतो.

२० एप्रिल २०२४

फेब्रुवारीच्या अखेरीपासून खोली शेडमागच्या काळ्या मातीवर सहा बैठकांवर उभी आहे. माती पुरती सुकली, भेगा पडल्या, तेव्हा ७ एप्रिलला गवंड्याच्या पाण्याच्या नळीने सहाही बिंदूंची पातळी घेतली आणि नैर्ऋत्येच्या एकाच बैठकीभोवती रोज सकाळी चार बादल्या पाणी ओतायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी काहीच नव्हते. पाचव्या दिवशी दार वरच्या कोपऱ्यात घासू लागले. नवव्या दिवशी तो कोपरा १७ मिलिमीटर वर आला होता आणि बाकीचे पाच बिंदू जागच्या जागी होते. त्या जॅकला सव्वाचार फेरे उलटे दिले आणि दार पुन्हा बोटाने ढकलले तरी लागू लागले.

काळी माती आणि गोठलेला गाळ यांची आतली क्रिया वेगळी असली तरी वर बसलेल्या खोलीला त्यातला भेद कळत नाही. जिथे पाणी साचेल तो कोपरा उठेल. म्हणून हिवाळी जागेवर प्रत्येक बैठकीखाली ३०० मिलिमीटर माती काढून नदीचे गोटे भरायचे, कारण त्यांच्यातल्या मोठ्या फटींतून पाणी वर चढत नाही, आणि वळचणीचे पाणी चर खणून उताराकडे काढून द्यायचे, असे नकाशावर ठळक अक्षरांत लिहिले.

२६ मे २०२४

नवतपातल्या उन्हात माल भरला. स्किड आणि जमीन एकसंध, त्यावर भिंती आडव्या रचलेल्या, काचा गोणपाटात. वाडीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांनी मनालीच्या पुढचे भाडे वेगळे सांगितले, मान्य केले.

११ जून २०२४

चार दिवसांत खोली वरच्या शेतावर उभी राहिली. चार कोपऱ्यांना दगड भरलेल्या जाळीच्या पेट्या आणि त्यांना साखळ्या, कारण रिकाम्या खोलीला वाऱ्याचे भय आहे. तिकडे लोखंडी शेगडीला तंदूर म्हणतात. ती गावातलीच घेतली. धुराड्यासाठी माळ्यातून दुहेरी नळी, खाली ताज्या हवेचे बंद करता येणारे भोक, आणि उशाच्या उंचीवर कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र. या तीन गोष्टींशिवाय मी किल्ली दिली नसती. शौचालय त्यांच्या पद्धतीचे कोरडे, स्वतंत्र. पाण्याची नळजोडणी नाही; कॅन आत ठेवायचे.

२० ऑक्टोबर २०२४

मालकांनी फोनवर कळवले की खोली ट्रॅक्टरने अडीच तासांत घराशेजारी उतरली. काच शाबूत आहे.

२७ एप्रिल २०२५

हिवाळ्यानंतर प्रत्यक्ष जाऊन पातळी घेतली. पाच बैठकांमध्ये ४ मिलिमीटरांपेक्षा जास्त बदल नव्हता. ईशान्येचा कोपरा १८ मिलिमीटर वर होता, आणि फेब्रुवारीपासून दार घासत असल्याचे मालकांनी आधीच सांगितले होते. वळचणीखालचा चर तिथेच गोठ्याकडून आलेल्या गवताने बुजला होता. छपराचे वितळते पाणी बैठकीच्या कडेला थांबत होते आणि रात्री गोठत होते. गोट्यांच्या भरावात वरून गाळही शिरला होता. कोपरा उकरला तेव्हा फूटभर खाली नखाएवढ्या जाडीचे स्वच्छ बर्फाचे पापुद्रे मातीच्या थरांमध्ये अजून शिल्लक होते. त्यातला एक मी हातावर घेतला आणि तो वितळेपर्यंत आम्ही दोघेही पाहत राहिलो.

पाना मालकांच्या हाती दिला. त्यांनी साडेचार फेरे मोजून दिले आणि दार लागले. जमिनीच्या कडेची रेषा थर्मामीटरने तपासली. प्लायवूड कोरडे आहे, कुठेही बुरशी नाही. खोली मे महिन्यात वर नेल्यावर त्या बैठकीखालचे गोटे धुऊन पुन्हा भरायचे, चर उताराकडे आणखी २ मीटर वाढवायचा आणि त्याच्या तोंडाशी जाळी बसवायची, एवढे काम लिहून ठेवले आहे.